सूनुपे केंद्रातली एक रेघ

सूनुपे, २ जुलै

झेंटा,

तुझ्या कोंबड्या बऱ्या आहेत. हे आधी लिहितो, कारण पाकीट फोडल्यावर तू आधी तेच शोधशील, आणि सापडलं नाही तर पुढचं वाचणार नाहीस. लंगडी अजून रुसलेली आहे, पण खाते. मांजर दोन दिवस दिसलं नव्हतं. काल तुझ्या पायरीवर बसलं होतं. मला बघून त्याने तोंड फिरवलं.

इल्ग्वार्सने किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा म्हणाला, "काका, आई आता लिएपायाला माझ्याकडेच राहील. घराचं काय ते बघू." काय ते बघू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. तुझ्या मुलाला प्रश्न विचारलेले आवडत नाहीत, तुझ्यावर गेलाय.

चौथ्या मजल्यावर तुला झोप लागते का? समुद्राचा आवाज येतो म्हणतात. खिडकीतून वाकून बघत जाऊ नकोस. खिडकी उघडी असली की वारा दार आपटतो, आणि शहरातली दारं आपटली की आपोआप कुलूप लागतं, असं मी ऐकलंय. किल्ली गळ्यात बांधून ठेव.

फोन करणार होतो. पण फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तर बोलायला सुचत नाही. लिहिताना निदान थांबता येतं. अक्षर वाईट आहे, तू जाणतेसच, सातवीनंतर मी पेनापेक्षा पाना जास्त धरला.

तू गेल्यावर गावात काय बोलतात ते लिहिणार नव्हतो. पण तू कल्पना करशील ते त्याहून वाईट असेल, म्हणून लिहितो. दुकानात इंटा गल्ल्यामागून म्हणाली, "गेली ना शेवटी! मनाला खात असणार." मी पाव घेतला आणि बाहेर आलो. दूध घ्यायचं राहिलं.

माझं म्हणणं एवढंच की मतदानाची ही पद्धतच वाईट आहे. रशियनांच्या वेळी एकच नाव असायचं. कागदाची घडी घालून पेटीत टाकायचा आणि बाहेर संत्री मिळायची त्या रांगेत उभं राहायचं. आता प्रत्येक पक्षाची वेगळी यादी, गठ्ठाच हातात देतात. एक ठेवून पाकिटात घालायची, बाकीच्या टोपलीत. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण त्या यादीतसुद्धा जो आवडतो त्याच्यापुढे अधिकची खूण करा, जो नको त्याचं नाव खोडा. आणि मग हे सगळं केंद्रागणिक मोजून जगाला दाखवतात! रीगात हे चालतं, तिथे माणसांचा समुद्र आहे. सूनुपेत शाळा वाचवायला उभ्या राहिलेल्या माझ्या विझ्माच्या नावापुढे अधिकच अधिक, आणि एक रेघ. एक रेघ म्हणजे एक माणूस. तो कोण, ते गावाने दुकानात उभं राहून ठरवलं.

तू तरी भर दुकानात तसं कशाला बोललीस? शाळेचा हॉल गरम करायला परवडत नाही म्हणून विझ्माने तुमच्या गायनमंडळाला हॉल बंद केला, हे तुला लागलं, मान्य. पण "त्या पोरीच्या नावावर अशी जाड रेघ मारीन की खालच्या कागदावर उमटेल" हे वाक्य इंटाने ऐकलं, गुनार्सने ऐकलं, पोस्टमनने ऐकलं. मीही तिथेच होतो, काकड्या निवडत.

आणि हे मी गावात सांगतो, तुलाही सांगतो. माझी मुलगी एका रेघेने पडली नाही. चार मतांनी पडली. चार! तिच्याच यादीतल्या त्या पलीकडच्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरला तिच्याहून चार जास्त. ती रेघ नसती तरी विझ्मा पडलीच असती. हे मी गुनार्सला समजावलं तर तो म्हणतो, "काका, पोटची पोरगी पडली आणि तुम्ही गणितं कसली मांडताय?"

त्याला काय कळतंय.

तुझ्या काळ्या बेऱ्या पिकायला लागल्यात. पक्ष्यांनी खाऊ नयेत म्हणून जुना पडदा टाकलाय. तो तुझा चांगला पडदा नसावा.

एवाल्ड्स


१४ जुलै

झेंटा,

रीगाहून एक जोडपं घर बघायला आलं होतं. इल्ग्वार्सने फोन करून सांगितलं, दाखवा म्हणून. मी दाखवलं. नवरा विचारायला लागला, विहीर कशी आहे? मी म्हटलं, पाणी उत्तम, फक्त वसंतात लोखंडाचा वास येतो, त्याचीही सवय होते. बायको म्हणाली, "किती शांत आहे इथे!" मी म्हटलं, हो, छपरात घुबड आहे ते सोडलं तर. घुबड नाही आहे, हे तुला माहीत आहे. पण होतं, तुझा नवरा असताना होतं. मी फक्त काळ सांगितला नाही.

त्यांचा छोटा कुत्रा तुझ्या लंगडीला घाबरून गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी इल्ग्वार्सचा फोन आला. ते मला नीट ऐकू आलं. तो ओरडतच होता.

झेंटा, घर खरंच विकायचं ठरवलंयस का? की तो ठरवतोय आणि तू खिडकीत बसून मान हलवते आहेस? तुझ्या आईवडिलांनी सायबेरियातून परतल्यावर दुसऱ्यांदा उभं केलेलं घर आहे. मी तुला सांगायला नको.

जूनमधल्या लीगोच्या सणाच्या संध्याकाळचं तू मनाला लावून घेऊ नयेस असं मला वाटतं. शेकोटीपाशी एकमेकांची खिल्ली उडवणारी गाणी म्हणायची आणि त्याचा राग धरायचा नाही, ही आपली रीतच आहे. मागे माझ्या नाकावर गायलेच की नाही? माझी वेल्टा जिवंत असताना तिच्या जळलेल्या केकवर गायले, ती सगळ्यांत मोठ्याने हसली. यंदा गुनार्सने सुरू केलं,

पेन घेतलं हाती तिने, लीगो लीगो,
रेघ मारली शाळेवरती, लीगो!

हे नुसतं गाणं होतं. तू जिरं घातलेल्या चीजचं ताट हातात धरून उभी होतीस आणि कोणीच घेत नव्हतं, ते मात्र गाणं नव्हतं. ते मी पाहिलं. मी घेणार होतो. पण मी शेकोटीच्या दुसऱ्या बाजूला होतो, आणि माझा गुडघा तुला माहीतच आहे.

मी गायलो नाही. नुसते ओठ हलवत होतो.

तू ताट बाकावर ठेवलंस आणि घराकडे गेलीस. चार दिवसांत इल्ग्वार्सची गाडी आली. मी कुंपणापाशी उभा होतो. तू काच खाली केली नाहीस.

चीज मी नंतर फडक्यात गुंडाळून घरी आणलं. वाया जायला नको म्हणून.

लंगडी अंडी घालायला लागली.

एवाल्ड्स


२७ जुलै

झेंटा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. जहाजाचं चित्र चांगलं आहे. मागे दोनच ओळी आहेत, त्या मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. "मी तिला अधिक दिला होता. कोंबड्यांना ओलं धान्य घालू नकोस."

ओलं घालत नाही. एकदा घातलं होतं.

दुसरी बातमी, नगरपरिषदेची बैठक झाली. शाळेचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी सप्टेंबरपासून मुलांना बसने नेणार. जनावरांच्या डॉक्टरने शाळा राहावी म्हणून हात वर केला म्हणे, पण त्याला बोलता येत नाही. बैल शांत करणं वेगळं. विझ्मा असती तर तिने त्यांना झोपू दिलं नसतं. रविवारी सूप घेऊन आली तेव्हा मी विचारलं, आता तू काय करणार? म्हणाली, "बघू, बाबा. वाल्मिएरात मुख्याध्यापकांची जागा निघेल." वाल्मिएरा काही चंद्रावर नाही. पण रविवार आहे तसे राहणार नाहीत.

बटाट्यावर किडे आलेत. हाताने वेचतोय. तुझ्याही वाफ्यातले वेचले. वाकलं की उठता येत नाही.

रेघ मी मारली.

बघ, लिहिलं. आधी मी लिहिणार होतो की हात थरथरला. थरथरला नाही. सरळ रेघ मारली, नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी धरल्यासारखी.

शाळेच्या व्यायामशाळेत पडद्यामागे उभा होतो. विझ्माची यादी गठ्ठ्यातून काढली, बाकीच्या टोपलीत टाकल्या. मनात दुसरा विचार नव्हता, तिची यादी जिंकावी, शाळा वाचावी. पेन हातात घेतलं ते अधिक काढायला. आणि मला जुन्या डेअरीची भिंत दिसली.

तिथे त्यांनी उमेदवारांचे फोटो लावले होते, तू पाहिलेस. सकाळी मतदानाला येताना मी पाहिलं, विझ्माच्या फोटोला कोणीतरी मिशा काढल्या होत्या. नुसत्या मिशा. बाहीने पुसायला गेलो तर शाई पसरली, तोंड काळं झालं. माझ्या मुलीचं तोंड, माझ्या हाताने. त्याच भिंतीवर माझ्या बापाचं नाव लागलं होतं. वाचता यायचं म्हणून त्याला ग्रामपरिषदेवर घेतलं, आणि एकोणपन्नासच्या मार्चमध्ये हद्दपार केलेल्या लोकांच्या घरातल्या सामानाच्या याद्यांवर साक्षीदार म्हणून सही करायला लावली. तुमच्याही घरच्या यादीवर. तुम्ही सायबेरियाला गेलात, आम्ही राहिलो. पुढे मी कुठेही गेलो तरी मी 'सही करणाऱ्याचा पोरगा' होतो. माझी आई मरेपर्यंत म्हणायची, "भिंतीवर नाव लागू देऊ नकोस, एवाल्ड्स. भिंतीवरचं नाव दगडाला सापडतं."

ते आठवलं आणि मी रेघ मारली. रस्त्यावर गाडी येताना पोराला मागे ओढतात तशी.

वाटलं होतं, इतक्या मतांत एक रेघ, कोणाला दिसणार? केंद्रागणिक छापतात हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

आणि मग सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. इतरांबरोबर मान वळवून.

२८ जुलै, सकाळी

काल पाकीट बंद केलं नाही. बरं झालं. वर लिहिलं ते खरं आहे, पण सगळं नाही. बापाची गोष्ट सांगितली की माणूस ऐकणाऱ्याच्या मनात जरा उंच होतो. तेवढा उंच मी नाही.

विझ्मा निवडून आली असती तर बैठका, समित्या, लोकांच्या तक्रारी. ती रविवारी आली नसती. मला डॉक्टरकडे कोणी नेलं असतं? हेही त्या पडद्यामागे माझ्या मनात होतं, आणि मागच्या रांगेत नव्हतं. शाळा वाचावी असं मला वाटत होतं. फक्त ती वाचवणारी दुसऱ्या कोणाची तरी मुलगी असावी, असंही वाटत होतं.

सायबेरियातून तू परत आलीस तेव्हा आपण बारा वर्षांचे होतो. वर्गात माझ्या बाकावर कोणी बसत नसे. सगळ्या वर्गात मला टाळायचा खरा हक्क तुझा एकटीचा होता. आणि तू दप्तर घेऊन सरळ येऊन माझ्या शेजारी बसलीस. म्हणालीस, "सरक. तिथे थंडी होती, मला खिडकीपाशी बसायचं नाही."

मी सरकलो. एवढंच केलं मी तुझ्यासाठी जन्मात.

तुला एकच विनंती आहे. हे कोणाला सांगू नकोस. विझ्माला कळलं तर काय होईल, विचार करवत नाही.

एवाल्ड्स


११ ऑगस्ट

झेंटा,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. मी तुला माझा गुन्हा कळवला आणि वर तुलाच तोंड बंद ठेवायला सांगितलं. पत्र पेटीत टाकून घरी आलो, चहा ठेवला, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. पोस्टमनकडे परत मागितलं. तो म्हणाला, "काका, पत्र काय उधार दिलेलं फावडं आहे का परत मागायला?"

काल आपल्याकडे कबरस्तानातला वार्षिक दिवस झाला. पाद्रीबाई आल्या होत्या, सगळं गाव होतं, रीगाहून, आयर्लंडहूनसुद्धा पोरं आलेली. मी सकाळी लवकरच गेलो. वेल्टाची जागा साफ केली, मग तुझ्या आईवडिलांची आणि तुझ्या नवऱ्याची. गवत काढलं, नवी वाळू टाकली आणि दाताळ्याने तू काढतेस तशी नक्षी काढायला बसलो. तुझी सरळ येते, माझी नागमोडी गेली. फुलं म्हणून तुझ्याच बागेतले डेलिया ठेवले. विचारलं नाही, माफ कर.

लोक जमले. गुनार्स दारू न पिताही प्यायल्यासारखा असतो. कुंपणापाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वा, एवाल्ड्सकाका! रेघवालीच्या माणसांना पण रेघा? पुरे झाल्या की तिच्या!"

पाच-सहा जण हसले. इंटाने कोपराने त्याला ढोसलं, पण हसत हसतच.

दाताळं माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "ती रेघ मी मारली."

गुनार्स म्हणाला, "कुठली?"

"विझ्माच्या नावावरची. झेंटाने तिला अधिक दिला. खोडलं मी."

काय झालं असेल असं तुला वाटतं? मला वाटलं होतं थुंकतील. दगड मारतील, भिंत नसली तरी. झेंटा, त्यांनी विश्वासच ठेवला नाही. इंटा माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "काका, तुमचं मन मोठं आहे हो. पण तिचं पाप तुम्ही कशाला अंगावर घेताय?" गुनार्सने डोळा मारला. "काय काका, या वयात? शेजारीण बघायला लिएपायाला कधी निघताय?" आणि सगळे पुन्हा हसले, आता जरा प्रेमाने.

मी ओरडलो, "अरे, मी सांगतोय ना!" तर कोणीतरी मागून म्हणालं, "पुरावा दाखवा!"

कुठून दाखवू? मतदान गुप्त आहे. तुला निर्दोष असल्याचा पुरावा देता आला नाही, आणि मला दोषी असल्याचा देता येईना. त्या क्षणी मला जी लाज वाटली तशी कधी वाटली नव्हती. शिव्या परवडल्या असत्या. ते माझं कौतुक करत होते.

विझ्मा वेल्टाच्या कबरीपाशी मेणबत्ती लावत होती. ती उठली. गुडघ्यांवरची वाळू झटकली आणि शाळेत मुलांना गप्प करते त्या आवाजात म्हणाली, "बाबा खरं बोलतायत."

गुनार्स म्हणाला, "तुला गं काय माहीत?"

"मला निकाल लागला त्या दिवसापासून माहीत आहे. जरा डोकं चालवा. माझं नाव खोडायचं तर आधी माझी यादी उचलावी लागते. मत माझ्या यादीला द्यावं लागतं. ज्याला मी नको आहे तो माझी यादी टोपलीत टाकेल आणि दुसरी घेऊन घरी जाईल. माझी यादी जपून ठेवून तिच्यात मलाच खोडणारा माणूस माझा असतो. माझ्या घरचा."

पाद्रीबाईंच्या हातातला कागद वाऱ्याने फडफडत होता.

इंटा म्हणाली, "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

विझ्मा म्हणाली, "बाप आहे." मग म्हणाली, "आणि लीगोला तुम्ही गात होतात तेव्हा मीही तिथेच होते. मीही गप्प बसले. झेंटामावशीचं ताट मीही पाहिलं."

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, तुम्ही तर गात होतात. मोठ्याने."

हो. गात होतो. आधीच्या एका पत्रात ओठांचं लिहिलं ते खोटं आहे. 'लीगो, लीगो' मी पोट भरून म्हटलं, कारण गप्प राहिलो असतो तर कोणीतरी माझ्याकडे बघितलं असतं.

विझ्माने मला गाडीतून घरी आणलं. दारापाशी सोडलं आणि गेली. काल रविवार होता. सूप आलं नाही.

एवाल्ड्स


३० ऑगस्ट

झेंटा,

हे पत्र टपालाने येणार नाही, म्हणून घाईत लिहितोय. ते घेऊन येणारी बाहेर गाडीत बसली आहे आणि हॉर्न वाजवते आहे. मला हॉर्नची भीती वाटते हे तिला माहीत आहे.

त्या दिवसापासून ती आली नव्हती. रविवार आले आणि गेले. मी बटाटे उकडून खाल्ले, तक्रार करत नाही. आज सकाळी दार उघडून सरळ आत आली. बसली नाही. मी म्हटलं, विझ्मा, मला तुझ्याशी बोलायचंय. ती म्हणाली, "मला नाही बोलायचं, बाबा. अजून नाही. कधी बोलेन ते माहीत नाही. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, रविवारी मी तशीही आले असते. नगरसेवक झाले असते तरी."

मी म्हटलं, मला वाटलं...

"तुम्हाला वाटतं, बाबा. तुम्हाला सारखं काहीतरी वाटतं. आणि मग दुसऱ्याला भोगावं लागतं."

खरं आहे.

मग म्हणाली, "मी लिएपायाला निघालेय, मावशीकडे. माझा हिशोब माझा मी चुकता करीन. तुमचं काही पत्रबित्र असेल तर द्या."

तर ती येते आहे. तिला रागव, तुझा हक्क आहे. पण आधी चहा दे, ती सकाळपासून उपाशी गाडी चालवत असेल. गायनमंडळाला शाळेचा हॉल उघडून देणार आहे, शेवटचं वर्ष आहे तर थंडीत तरी गाणी होऊ देत म्हणते. बायकांना आपापलं सरपण आणावं लागेल. इंटाही येणार आहे म्हणाली. ती बेसूर गाते, तू तिला मागे उभी कर.

गुनार्सचं सांगायचं राहिलं. तो काल तुझ्या फाटकाची मोडकी बिजागरी बसवून गेला. मला बोलला नाही, मी खिडकीतून पाहिलं. माझ्याशी गावात फारसं कोणी बोलत नाही आता. दुकानात शिरलो की बोलणं थांबतं. तुला तीन आठवडे हे सहन झालं नाही म्हणून तू गेलीस. मला आता कळतं की तीन आठवडे फार होते.

मी जाणार नाही कुठे. जायला मला लिएपाया नाही, आणि हे माझं माझ्याकडे आलं आहे, ते बरोबर पत्त्यावर आलं आहे.

पुन्हा मतदान आलं की पेन घरीच ठेवून जाईन. कोरी यादी टाकीन. कोरी यादीसुद्धा मत असते.

घराचं तू ठरव. विकलंस तर जो घेईल त्याला विहिरीचं खरं सांगीन, घुबडाचंही. मी तुला परत ये म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. फक्त सांगून ठेवतो की विझ्माने गाडीत पुढची सीट मागे सरकवून तिच्यावर उशी ठेवली आहे, तुझी कंबर दुखते म्हणून. ती एकटीसाठी उशी घेत नाही.

करकोचे गेले. खांबावरचं घरटं रिकामं आहे. आता ओल धरायला सुरुवात होईल, म्हणून मी रोज दुपारी तुझ्या घरातली भट्टी थोडी पेटवतो. आलीस तर रस्त्याच्या वळणावरून धूर दिसेल. नाही आलीस तरी पेटवीन.

हॉर्न वाजतोय.

एवाल्ड्स